ऐकणारा जागा होता म्हणून...

१८८८ सालच्या नोव्हेंबरात कच्छमधल्या मांडवी बंदरातून एक आगबोट मुंबईला यायला निघाली. कागदोपत्री तिचं नाव ‘वैतरणा’, म्हणजे आपल्याच नदीचं. पण कच्छ-काठेवाडात त्या नावानं तिला कुणी ओळखत नसे. बोटीवर विजेचे दिवे होते, आणि त्या काळी ही एवढी नवलाई होती, की लोक तिला ‘वीजळी’च म्हणत. ८ नोव्हेंबरला सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ ती वादळात सापडली आणि नाहीशी झाली. बुडाली असंही छातीठोकपणे म्हणता येईना, कारण तिला बुडताना कुणी पाहिलंच नव्हतं. सातशेहून जास्त माणसं तिच्यावर होती. मुंबईला मॅट्रिकच्या परीक्षेला निघालेली मुलं होती, लग्नाची वऱ्हाडं होती, असं तिकडे अजून सांगतात. त्यांचं काय झालं, हे कळायला काही मार्गच नव्हता.

मला या गोष्टीतला एक तपशील फार बोचतो. त्या बोटीवर दिवे लावायला वीज होती. हाक मारायला नव्हती.

आणि काळाची गंमत पाहा. त्याच सुमाराला जर्मनीत कार्ल्सरुहच्या प्रयोगशाळेत हाइनरिश हर्ट्झ हे प्राध्यापक एका टोकाला विजेची ठिणगी पाडून खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठिणगी उडवून दाखवत होते. मधे तार नाही, काही नाही. १८९५मध्ये आपल्या जगदीशचंद्र बोसांनी कलकत्त्यात अशाच लाटांनी भिंतीपलीकडची घंटा वाजवून दाखवली. त्याच वर्षी इटलीत बोलोन्याजवळ, वडिलांच्या घरी, एकविशीतला गुल्येल्मो मार्कोनी तारेशिवाय संदेश पाठवायच्या खटपटीला लागला होता. बोसांना विज्ञानात रस होता, मार्कोनीला धंद्यात. हे मी कमीपणानं म्हणत नाही. मार्कोनीनं फार लवकर ओळखलं, की जमिनीवर तारा आहेतच. ज्याला तार जोडता येत नाही असं एकच गिऱ्हाईक आहे, ते म्हणजे समुद्रावरचं जहाज.

इंग्लंडच्या आग्नेय किनाऱ्याजवळ गुडविन सँड्स नावाचा वाळूचा मोठा दांडा आहे. भरतीला झाकला जातो, ओहोटीला वर येतो, आणि शेकडो जहाजं त्यानं गिळली आहेत. तिथे दीपस्तंभ उभा राहत नाही म्हणून दिव्याच्या बोटी नांगरून ठेवत. १८९८च्या डिसेंबरात त्यातल्या एका बोटीवर मार्कोनीचं यंत्र बसवलं. पुढच्याच मार्चमध्ये ‘एल्बे’ नावाचं जहाज त्या वाळूवर चढलं. दिव्याच्या बोटीवरून किनाऱ्यावरच्या दीपस्तंभाला बिनतारी निरोप गेला आणि जीवरक्षक होडी निघाली. समुद्रातून मदतीसाठी गेलेला पहिला बिनतारी निरोप म्हणून याची नोंद होते. दीड महिन्यानं गंमतच झाली. एका आगबोटीनं धुक्यात त्या दिव्याच्या बोटीलाच धडक दिली, आणि दुसऱ्यांसाठी निरोप पाठवणाऱ्या त्या बोटीला स्वतःसाठी हाक मारावी लागली!

आता हे यंत्र चालायचं कसं, ते थोडक्यात सांगतो, कारण पुढच्या गोष्टी त्याशिवाय कळायच्या नाहीत. आजच्या रेडिओसारखा त्यात माणसाचा आवाज जात नसे. जोरदार विद्युतदाबानं दोन टोकांमध्ये ठिणगी पाडायची. ठिणगी पडली की उंच ताणलेल्या तारेतून लाटा निघायच्या. तारमास्तरानं किल्ली थोडा वेळ दाबली की टिंब, जास्त वेळ दाबली की रेघ. आपल्या पोस्टातलं कट्ट-कडकट्टच ते, फक्त तारेविना. गोम अशी, की या ठिणगीचा आवाज मासळीबाजारातल्या ओरडण्यासारखा सगळीकडे पसरायचा. कुणाला बोलायचं आहे आणि कोण ऐकतो आहे, यावर काही बंधन नाही. जवळचं जहाज बोलू लागलं की लांबचं क्षीण बोलणं बुडून जायचं. आणि तिसरी गोष्ट सर्वात महत्त्वाची. यंत्र स्वतःहून काही लिहून ठेवत नसे. जहाजावरचा तारमास्तर कानाला श्रवणयंत्र लावून बसला असेल, तरच निरोप आला. तो जेवायला गेला, झोपला, की निरोप हवेत विरला. मग तो कितीही लाख मोलाचा असो.

संकटासाठी खूण ठरली ती १९०४मध्ये. जमिनीवरच्या तारखात्यात ‘सगळ्या स्टेशनांनी ऐका’ यासाठी ‘सीक्यू’ अशी खूण होती. मार्कोनी कंपनीनं तिला संकटाचा ‘डी’ जोडला, आणि १ फेब्रुवारी १९०४पासून ‘सीक्यूडी’ आपल्या तारमास्तरांना लागू केली. जर्मनांनी १९०५मध्ये वेगळी खूण घेतली. तीन टिंबं, तीन रेघा, तीन टिंबं, मधे न थांबता. तीच ‘एसओएस’. ‘आमचे आत्मे वाचवा’ वगैरे तिचा विस्तार लोकांनी मागाहून रचला. मुळात ती अक्षरं काही सांगण्यासाठी निवडलेलीच नाहीत. डिडिडिट डा-डा-डा डिडिडिट हा नाद कानाला दुसऱ्या कशासारखा लागत नाही, नवशिक्यालाही ओळखू येतो, एवढंच तिचं भांडवल.

१९०६च्या बर्लिन परिषदेत ही खूण सर्व देशांसाठी ठरली आणि १९०८पासून लागू झाली. पण त्या परिषदेतला खरा वाद खुणेचा नव्हताच. मार्कोनी कंपनी आपली यंत्रं विकत नसे, भाड्यानं देई, तारमास्तरही आपलेच ठेवी, आणि त्यांना ताकीद असे, की दुसऱ्या कंपनीचं यंत्र असलेल्या जहाजाशी बोलायचं नाही. मक्तेदारी टिकवायची ना! परिषदेनं सांगितलं, की यंत्र कुणाचंही असो, बोललंच पाहिजे. समुद्रावर कुणाची हाक कुणी ऐकायची, हा पहिल्यापासून धंद्याचा आणि कायद्याचा प्रश्न होता. यंत्राचा नंतर.

बिनतारी यंत्राची कीर्ती जगभर झाली ती २३ जानेवारी १९०९च्या पहाटे. अमेरिकेतल्या नॅन्टकेट बेटाजवळ दाट धुकं होतं. न्यूयॉर्कहून भूमध्य समुद्राकडे निघालेल्या ‘रिपब्लिक’ या व्हाइट स्टार कंपनीच्या जहाजाला ‘फ्लोरिडा’ नावाच्या इटालियन जहाजाची कुशीत धडक बसली. ‘फ्लोरिडा’वर इटलीतून निघालेले गरीब लोक खच्चून भरलेले, त्यातले कित्येक जण महिन्यापूर्वीच्या मेसिनाच्या भूकंपातून जीव वाचवून आलेले. ‘रिपब्लिक’वरचा तारमास्तर जॅक बिन्स जागा झाला तेव्हा त्याच्या खोलीची भिंतच फुटली होती. थोड्या वेळात इंजिनखान्यात पाणी शिरलं आणि वीज गेली. बिन्स काळोखात चाचपडत खाली गेला, राखीव बॅटऱ्या शोधून आणल्या. किल्लीचा दांडा मोडला होता. तो एका हातानं सावरून धरत दुसऱ्या हातानं तो ‘सीक्यूडी’ पाठवत राहिला. बॅटरीच्या जोरावर त्याची हाक जेमतेम नॅन्टकेटच्या किनाऱ्यावर पोचायची. पण तिथला तारमास्तर जागा होता. त्यानं आपल्या मोठ्या यंत्रावरून ती हाक पुढे सगळ्यांना दिली, आणि ‘बाल्टिक’ हे जहाज वळलं.

धुक्यात ‘बाल्टिक’ला ‘रिपब्लिक’ सापडेना. जवळजवळ बारा तास ते तिच्या अवतीभोवती घिरट्या घालत होतं. बिन्स कान देऊन सांगायचा, की तुमचा भोंगा ऐकू येतोय, आता नाही येत, आता तुमचा बार ऐकला, तसेच या. आंधळी कोशिंबीरच. पण शेवटी गाठ पडली, आणि भर समुद्रात, रात्री, होड्यांमधून दीड हजारांहून अधिक माणसं ‘बाल्टिक’वर घेतली गेली. धडकेत दगावलेले सहा जण सोडले, तर कुणी गेलं नाही. ‘रिपब्लिक’ दुसऱ्या दिवशी ओढून नेताना बुडालं.

बिन्स न्यूयॉर्कला उतरला तेव्हा लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. त्याला हे सगळं आवडलं नाही. त्याच्यावर परस्पर चित्रपट काढणाऱ्या कंपनीला तर त्यानं कोर्टात खेचलं. पण माझ्या मते ‘रिपब्लिक’च्या यशानं एक नुकसान केलं. सगळ्यांना वाटलं, यंत्र आहे ना, मग झालं! १९१०मध्ये अमेरिकेनं कायदा केला, की पन्नास किंवा अधिक माणसं नेणाऱ्या, लांबच्या पल्ल्याच्या जहाजावर शंभर मैल संदेश पोचवणारं यंत्र आणि ते चालवणारा माणूस पाहिजे. माणूस एक. तो झोपणार कधी आणि तो झोपल्यावर ऐकणार कोण, याबद्दल कायद्यात अक्षर नव्हतं. बिन्सनं हाक मारली, ती सगळ्यांच्या लक्षात राहिली. नॅन्टकेटला पहाटे कुणी जागं होतं, ते कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

तीन वर्षांनी त्याची किंमत मोजावी लागली. ‘टायटॅनिक’ची गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे, चित्रपटही पाहिला असेल. मी ती हिमनगाच्या बाजूनं सांगणार नाही. १४ एप्रिल १९१२च्या रात्री त्या समुद्रात तीन जहाजांवर तीन तारमास्तरांच्या खोल्या होत्या, तेवढंच सांगतो.

पहिली खोली ‘टायटॅनिक’वरची. जॅक फिलिप्स, तीनच दिवसांपूर्वी पंचवीस पूर्ण झालेला, आणि त्याचा मदतनीस हॅरॉल्ड ब्राइड, वय बावीस. दोघंही जहाज कंपनीचे नव्हे, मार्कोनी कंपनीचे नोकर. त्यांचं मुख्य काम होतं श्रीमंत उतारूंच्या तारा पाठवणं. पहिल्या दहा शब्दांना साडेबारा शिलिंग, पुढे शब्दाला नऊ पेन्स. आदल्या दिवशी यंत्र बिघडलं होतं, ते दुरुस्त करण्यात काही तास गेले, आणि तारांचा ढीग साचला. रविवारी रात्री फिलिप्स न्यूफाउंडलंडच्या केप रेस केंद्राला तो ढीग धाडत बसला होता. दिवसभर बर्फाचे इशारे येत होते. काही पुलावर पोचले. रात्री पावणेदहाच्या सुमारास ‘मेसाबा’ जहाजाकडून आलेला नेमका इशारा बहुधा पुलावर पोचलाच नाही. कप्तानापर्यंत कोणता निरोप ताबडतोब गेला पाहिजे, याचा पक्का नियम नव्हता.

दुसरी खोली ‘कॅलिफोर्नियन’ या मालवाहू जहाजावरची. हे जहाज बर्फ पाहून रात्री थांबलं होतं, ‘टायटॅनिक’पासून काही मैलांवर. नेमकं किती, यावर आजही लोक भांडतात. तिथे सिरिल एव्हान्स नावाचा वीस वर्षांचा पोरगा एकटाच तारमास्तर. अकराच्या सुमारास त्यानं ‘टायटॅनिक’ला सांगायचा प्रयत्न केला, की आम्ही बर्फानं वेढून थांबलो आहोत. जहाज जवळचं, त्यामुळे त्याची ठिणगी फिलिप्सच्या कानात तोफेसारखी वाजली, आणि केप रेसचं बोलणं बुडालं. फिलिप्स वैतागून म्हणाला, गप्प बस, मी केप रेसशी बोलतोय. या उत्तराचा फार बभ्रा झाला. पण तारमास्तरांमध्ये असं तोडून बोलणं रोजचंच होतं, आणि एव्हान्सनं ते मनावर घेतलं नाही. सकाळी सातपासून तो कामावर होता. साडेअकरानंतर त्यानं श्रवणयंत्र उतरवलं आणि अंथरुणात शिरला. ११ वाजून ४० मिनिटांनी ‘टायटॅनिक’ हिमनगावर घासलं.

याच्या पुढचा प्रसंग मी अनेकांना सांगितला आहे, आणि दर वेळी सांगताना मला कसंतरी होतं. मध्यरात्र उलटल्यावर ‘कॅलिफोर्नियन’वरचा तिसरा अधिकारी ग्रोव्हज पाळी संपवून एव्हान्सच्या खोलीत डोकावला. त्याला बिनतारीची हौस होती, थोडंफार मोर्स कळायचं. ‘कोणती जहाजं आहेत आसपास?’ ‘फक्त टायटॅनिक,’ एव्हान्स झोपेत म्हणाला. ग्रोव्हजनं श्रवणयंत्र कानाला लावलं. काही ऐकू येईना. त्या काळच्या ग्राहक यंत्रात एक तारेचा पट्टा घड्याळासारख्या चावीवर फिरत असे, आणि चावी उतरली होती. ती द्यावी लागते, हे ग्रोव्हजला माहीत नव्हतं. त्यानं श्रवणयंत्र खाली ठेवलं आणि झोपायला गेला. साधारण त्याच वेळी फिलिप्सनं ‘सीक्यूडी’ पाठवायला सुरुवात केली होती.

तिसरी खोली ‘कार्पेथिया’वरची, ५८ मैल लांब. तिथेही एकटाच तारमास्तर, हॅरॉल्ड कॉटम, वय एकवीस. त्याचीही झोपायची वेळ झाली होती, कोट काढून झाला होता. पण ‘पॅरिजियन’ नावाच्या जहाजाकडून एका निरोपाची पोच यायची होती म्हणून श्रवणयंत्र अजून डोक्यावर होतं. जाता जाता त्याला आठवलं, की ‘टायटॅनिक’साठी किनाऱ्यावर तारा खोळंबल्या आहेत, बिचाऱ्यांना सांगावं. त्यानं साळसूदपणे हाक दिली, आणि उत्तर आलं: ताबडतोब या, आम्ही हिमनगावर आदळलो आहोत.

कॉटमनं कप्तान रॉस्ट्रनला झोपेतून उठवलं. रॉस्ट्रननं आधी जहाज वळवायचा हुकूम दिला आणि मग विचारलं, तुझी खात्री आहे ना? जहाजातल्या खोल्या गरम ठेवणारी, अंघोळीचं पाणी तापवणारी वाफ बंद करून सगळी इंजिनाकडे वळवली. साडेतीन तासांत, वाटेतले हिमनग चुकवत, तो तिथे पोचला. सातशेच्या वर माणसं त्यानं होड्यांमधून उचलली. दीड हजार गेली होती. ‘टायटॅनिक’नं कळवलेली जागा तेरा मैलांनी चुकलेली होती, हे १९८५मध्ये समुद्रतळाशी अवशेष सापडल्यावर पक्कं झालं. ‘कार्पेथिया’ला होड्या सापडल्या, त्यात एका होडीतून उडवलेल्या हिरव्या ज्योतींचा मोठा वाटा होता.

फिलिप्स शेवटच्या काही मिनिटांपर्यंत किल्लीवर होता. मधे ब्राइड त्याला गमतीनं म्हणाला, नवी ‘एसओएस’ही पाठवून बघ, परत संधी मिळायची नाही. दोघं हसले. फिलिप्सनं दोन्ही खुणा आळीपाळीनं पाठवल्या. तो वाचला नाही. ब्राइड उलट्या झालेल्या होडीवर रात्रभर तगला, आणि पाय थंडीनं जायबंदी झालेले असताना ‘कार्पेथिया’वर कॉटमच्या मदतीला बसला. आणि ‘कॅलिफोर्नियन’वर? पुलावरच्या लोकांनी रात्री आकाशात रॉकेटं पाहिली. एव्हान्सला उठवावं, यंत्र लावून बघावं, हे कुणाला सुचलं नाही. त्याला पहाटे साडेपाचला उठवलं. यंत्र सुरू करताच त्याला सगळं कळलं.

एव्हान्सला दोष देणारे पुष्कळ भेटतात. मला ते पटत नाही. सोळा तास काम करून पोरगा झोपला, यात गुन्हा कसला? उलट कॉटम जागा होता, तो कुठल्या नियमानं नव्हे. एका पोचेची वाट पाहत होता म्हणून. सातशे माणसांचे प्राण त्या पोचेवर तरले.

त्यानंतर मात्र कायदे भराभर बदलले. त्याच उन्हाळ्यात अमेरिकेनं जहाजावर दोन तारमास्तर, चोवीस तास पहारा आणि राखीव वीज सक्तीची केली. किनाऱ्यावरच्या हौशी लोकांवरही परवान्याचं बंधन आलं. त्या रात्रीच्या गोंधळात हवेत एवढी बडबड झाली होती, की ‘सगळे सुखरूप, जहाज हॅलिफॅक्सला ओढून नेत आहेत’ अशी बातमी काही वृत्तपत्रांनी छापली. १९१४च्या जानेवारीत लंडनला समुद्रावरील सुरक्षेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. पहिलं महायुद्ध आडवं आलं, म्हणून तो ठरल्याप्रमाणे अमलात आला नाही, पण पुढचे सगळे करार त्याच्याच पोटातून निघाले.

यंत्र आहे, ऐकणारे आहेत, तरी हाकच मारायची नाही, असंही घडलं. १९२८च्या नोव्हेंबरात ‘व्हेस्ट्रिस’ हे जहाज न्यूयॉर्कहून दक्षिण अमेरिकेकडे जाताना एका कुशीवर कलू लागलं. तासन् तास पाणी भरत होतं, तरी कप्तानानं ‘एसओएस’ दिला तो दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास. मदतीला येणाऱ्याला कंपनीनं मोबदला मोजावा लागतो, त्या खर्चाला तो बिचकला, अशी टीका तेव्हा झाली. शंभराहून अधिक माणसं गेली. जहाजावरचं एकही लहान मूल वाचलं नाही.

सत्तरच्या दशकात मी व्यापारी जहाजावर रेडिओ ऑफिसर होतो. ठिणगीची यंत्रं केव्हाच गेली होती, तरी जहाजावर आम्हाला ‘स्पार्क्स’च म्हणत. रेडिओच्या खोलीतलं घड्याळ तुम्ही कुणी पाहिलं नसेल. त्याच्या तबकडीवर तीन-तीन मिनिटांच्या दोन लाल फाका रंगवलेल्या असत. तासाच्या १५ ते १८ आणि ४५ ते ४८ या मिनिटांवर. काटा लाल फाकेत शिरला की जगातल्या प्रत्येक जहाजानं त्या ठरलेल्या लहरीवर बोलणं बंद करायचं आणि फक्त ऐकायचं. अरबी समुद्रात रात्री एरवी त्या लहरीवर बाजार भरलेला असे. ‘व्हीडब्ल्यूबी’, म्हणजे मुंबई रेडिओ, कुणाला तरी बोलावतोय, कोलंबो, एडन, एखादं रशियन जहाज. काटा लाल झाला की सगळं एकदम गप्प. नुसती खरखर. कुठे कुणी क्षीण बॅटरीवर बुडत असेल, तर त्याला ऐकू येण्याजोगी शांतता. जगभराच्या माणसांनी मिळून पाळलेलं असं मौन मी दुसरं पाहिलेलं नाही.

आम्हीही जहाजावर एकेकटेच असायचो. दोन तास काम, दोन तास विश्रांती, असे दिवसाचे आठ तास. उरलेल्या वेळेसाठी आपोआप वाजणारी घंटा होती. संकटातलं जहाज आधी चार-चार सेकंदांच्या बारा रेघा पाठवी. त्यातल्या काही ओळीनं आल्या, की दुसऱ्या जहाजावर घंटा घणघणे आणि झोपलेला तारमास्तर उठे. एव्हान्सच्या अंथरुणाशेजारी हवी होती ती ही घंटा. पावसाळ्यात विजांच्या कडकडाटानंही ती वाजायची आणि अपरात्री मी शिव्या घालत धावायचो. पण धावायचो.

हे सगळे करार मोठ्या, परदेशी जाणाऱ्या जहाजांसाठी होते. आपल्या किनाऱ्यावरच्या लाँची त्यात बसत नव्हत्या. १९२७मध्ये खडकी आणि दौंडच्या केंद्रांतून मुंबई इलाख्याचा थेट विलायतेशी बिनतारी संवाद सुरू झाला. हजारो मैल! त्यानंतर वीस वर्षांनी, १७ जुलै १९४७ला, आषाढ अमावास्येच्या तोंडावर, ‘रामदास’ बोट भाऊच्या धक्क्यावरून सकाळी आठच्या सुमारास रेवसला निघाली. सातशेच्या आसपास माणसं होती. अर्ध्या वाटेवर काशाच्या खडकाजवळ वादळानं ती कलंडली. मुंबई तिथून काही मैलांवर. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हतं. सकाळी साडेनऊच्या सुमारास बोट बुडाली आणि मुंबईला ती बातमी कळायला दुपार उलटली; तीसुद्धा पोहत आलेल्या माणसांकडून. तोवर रेवसच्या कोळ्यांनी आपल्या होड्यांतून सापडली तेवढी माणसं वर काढली होती. सहाशेहून अधिक गेली. घरोघरी ‘रामदास’ची आठवण निघते ती वादळाची, खडकाची, जास्त भरलेल्या उतारूंची. त्या पाच-सहा तासांबद्दल फारसं कुणी बोलत नाही. ‘टायटॅनिक’ला पस्तीस वर्षं झाली होती.

१ फेब्रुवारी १९९९पासून जहाजांवरची मोर्सची सक्ती संपली आणि संकटाची सूचना उपग्रहामार्फत जाऊ लागली. तांबड्या फाकांची घड्याळं जुन्या बाजारात गेली. आपल्याकडे इस्रोनं मच्छीमारांसाठी एक छोटं यंत्र तयार केलं, ते २०१०पासून होड्यांवर जाऊ लागलं. बटण दाबलं की होडीची जागा आणि संकटाचा प्रकार उपग्रहाकडून नियंत्रण केंद्राला, तिथून तटरक्षक दलाला. त्या पहिल्या यंत्रात एक उणीव होती. बटण दाबणाऱ्याला आपली हाक कुणाच्या कानावर गेली की नाही, ते कळत नसे. २०२४मध्ये इस्रोनं त्याची सुधारलेली आवृत्ती आणली. तिच्यात केंद्राकडून उलट निरोप येतो: तुमची सूचना मिळाली आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)